फोनात राहिलेला पत्ता

संघपालला एकच काम दोनदा हाताने करायचा मनस्वी कंटाळा. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये बसून त्याने बुद्धविहारातल्या रक्तदात्यांच्या गटासाठी वेबसाइट बांधली, तीही त्याच खाक्यात. सर्व्हरवरचं सगळं काम रुबी या संगणकाच्या भाषेत, फोनवरची बटणं जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत. फोनवरून आलेली कोणती मागणी सर्व्हरवरच्या कोणत्या पत्त्यावर जायची ते रुबीच्या बाजूला एकाच ठिकाणी लिहिलेलं. तिथे एक कमांड चालवली की जावास्क्रिप्टची फाइल आपोआप तयार होई, दर पत्त्यामागे एक छोटं फंक्शन. "दोन जागी हातानं पत्ते जो लिहीन तो फसन," असं तो गटातल्या अनुपला सांगायचा. बोलणं खरंच होतं.

पण आंबागड गावात, किल्ल्याच्या पायथ्याशी रेंज कधी असते, कधी नसते. पान उघडायला उशीर झाला की माणसं रक्त मागायचं बटण दहादा दाबत आणि एका पेशंटसाठी चार दाते धावत सुटत. म्हणून संघपालने दोन सोयी केल्या. ती फाइल फोनातच साठवून ठेवली, आणि बटण दाबताच, सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता, ते हिरवं होईल असं केलं. वर बैठकीत बजावलं, "फोन करत बसू नका. बटन हिरवं झालं का समजा, दाता निघाला." लोक त्याचं ऐकायचे.

उन्हाळ्यात त्याने पत्त्यांची रचना बदलली. कमांड चालवली, नवी फाइल आली, स्वतःच्या फोनवर तपासली. जुने पत्ते कचरा म्हणून त्याच दिवशी पुसून टाकले. गावोगावच्या फोनांत जुनी फाइल ठाण मांडून बसली आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात; इथे रिकामं झालं ते दुसऱ्याचं घर.

आंबागडच्या परसरामची मनाली सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पोर, नुकती कॉलेजात जाऊ लागलेली. तिचं रक्त झपाट्याने उतरलं. तिला दवाखान्यात नेलं, पण तिचा रक्तगट दुर्मीळ, तिथे तो शिल्लक नव्हता. परसरामने सकाळी बटण दाबलं. ते हिरवं झालं. तो दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे पाहत राहिला. दुपारी मनाली गेली.

बातमी कळल्यावर संघपालने सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. परसरामची मागणी पुसलेल्या पत्त्यावर आपटून परत गेली होती.

मनालीचा जलदान विधी झाल्यावर तो आंबागडला गेला. परसरामने जयभीम घातला, त्याला खाटेवर बसवलं आणि आपला फोन त्याच्या हाती दिला.

"संघपालभाऊ, पाहा बरं. माह्याच बोटाचं काही चुकलं का? मले तेच येऊन रायलं डोक्यात."

रेंज नसेल, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. शब्द अगदी ओठांवर आले, आणि संघपालला स्वतःची किळस आली.

"नाई काका, तुमचं काहीच नाई चुकलं. पत्ता म्या बदलवला, तुमच्या फोनात जुनाच रायला. निरोप आमच्यापर्यंत आलाच नाई. चूक माही हाय."

परसरामने फोन परत घेतला.

"म्हणजे मी फोन केला असता तं?"

"आमच्या अनुपचा रक्तगट तोच हाय. घरीच होता तो. आला असता."

आता हा आपल्यावर हात उचलेल, असं संघपालला वाटलं. उचलावा, असंही वाटलं. पण परसरामने फक्त मान खाली घातली. मनालीची आई वच्छला पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. संघपालकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"म्या म्हटलं होतं तुमाले," ती नवऱ्याला म्हणाली, "फोन करा म्हणून."