इदवालच्या शवपेटीवरचं गाणं

"गाण्याशिवाय पुरू नकोस मला," एवढंच मागून इदवाल गेला. म्हणून त्याची बहीण नेस्ता पाद्र्याच्याही आधी गेथिनकडे गेली. गेथिन गावच्या गायकमंडळाचा म्होरक्या. पेंत्रेगार्न या कोळसाखाणीच्या गावात रीतच आहे, मंडळात गायलेल्या माणसाच्या शवपेटीवर मंडळ गातं. माणूस दारुडा असो नाहीतर बायकोला छळणारा, गाणं चुकत नाही. आणि इदवालचा आवाज तर खाणीतल्या सगळ्यांत गोड.

"अगं, पण त्यानं तेव्हा खाणीतला संप फोडला," गेथिन म्हणाला.

"शेवटच्या महिन्यात. पोर तापानं फणफणलेलं, चूल थंड."

"चुली सगळ्यांच्याच थंड होत्या, नेस्ता. मंडळ गाणार नाही."

ते खरं होतं. पण खाणीला टाळं लावणाऱ्या साहेबाच्या मेजवानीत हेच मंडळ गेल्या उन्हाळ्यात गायलं, त्याचं काय? खाण आता पाहुण्यांना दाखवायची वस्तू झाली आहे. तिथे गेथिन तोंडाला काजळी फासून संपाच्या शौर्यकथा सांगतो. संपात हा गडी कार्डिफ शहरात मामाकडे तंगड्या पसरून बसला होता. इदवालला मात्र मरेपर्यंत पाववाल्याच्या दुकानातही कुणी ओळख दिली नाही. नेस्ताला या गावाची शिसारी आली.

दोन दिवसांनी गेथिन स्वतःच दारात हजर. चेहरा नुसता फुललेला.

"टीव्हीवाले येतायत. खाणगावातली खरीखुरी अंत्ययात्रा हवीय त्यांना. आम्ही गातो."

"आणि संप?"

"जुनं किती उगाळायचं गं?"

 तरी ती 'हो' म्हणाली, कारण इदवालला गाणं हवं होतं.

प्रार्थनाघराच्या दाराशी मंडळ लाल कोट घालून उभं राहिलं. कुणी केस विंचरत होतं, कुणी कॅमेऱ्याला बरी बाजू दाखवत होतं. इदवालकडे पाठ फिरवणारे तेच सगळे. गेथिन आत डोकावला.

"नेस्ता, पेटी जरा खिडकीकडे सरकवू या? उजेड चांगला पडेल."

नेस्ता उठली आणि दाराशी गेली.

"इतकी वर्षं त्याच्यासमोर तोंड उघडलं नाहीत. आज कशाला उघडता?"

"अगं, मग गाणार कोण?"

"कुणी नाही."

तिनं दार लावून कडी घातली. आत ती, पाद्री आणि इदवालचा मुलगा, तिघांपैकी एकालाही सूर लागत नव्हता. भावानं मागितलेली एकुलती एक गोष्ट आपणच दाराबाहेर ठेवली, हे तिला कळत होतं. तिनं कडी काढली नाही.