टेप आहे का?

“शिट्टी नको,” वाणी म्हणाला. “मागच्या वेळी वाजली तेव्हा कचरागाडी आली असं वाटून अर्धी गल्ली डबे घेऊन खाली उतरली.”

घरातली मारहाण थांबवायचा हा कार्यक्रम दुसऱ्याच कुठल्या शहरात तयार झाला होता, आणि तिथे आवाज आला की शेजाऱ्यांनी वाजवायची शिट्टी उत्तम चालली होती. कार्यक्रम घेऊन आलेल्या संस्थेच्या बाईंनी शिट्ट्यांचा खोका गुमान टेबलाखाली सरकवला. “मग तुम्हीच सांगा. इथे काय चालेल?”

“दार वाजवायचं आणि काहीतरी मागायचं,” शिंपीणमावशी बोलून गेल्या. “मागायला आलेल्या माणसादेखत हात उगारवत नाही.”

काय मागायचं, यावर बराच खल झाला. साखरेला वाण्याने हरकत घेतली. धंद्याचा प्रश्न होता. कात्री म्हटल्यावर बाई दचकल्या. शेवटी मावशींच्या गळ्यातली मापाची टेप एकमताने मंजूर झाली. नियम एकच: आवाज ज्याला सगळ्यांत जवळून ऐकू येईल, त्याने आधी जायचं.

तेव्हा मावशींची नजर चुकवून सगळे छताकडे बघू लागले. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. मावशींचा मुलगा बायकोवर हात उचलतो, हे गल्लीला ठाऊक होतं; आणि आवाज वाढला की मावशी मशीन जोरात चालवतात, हेही. त्यांच्याइतक्या वेळेवर कपडे शिवून देणारं गल्लीत दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आतल्या खोलीत भांडं आदळलं. मावशींचा पाय सवयीने मशीनवर गेला, आणि थांबला. सगळ्यांत जवळचं दार त्यांच्याच घरात होतं.

त्यांनी ते वाजवलं. मुलाने खसकन उघडलं. “काय आहे?”

“टेप आहे का?”

“डोकं फिरलंय का, आई? गळ्यात काय लटकतंय मग?”

“ही माझी. दुसरी हवी.”

त्याच्या मागे सून गाल धरून उभी होती. मावशी दारातून हलल्या नाहीत. “शोध. मी थांबते.”

मुलाने कपाटाचा खण उघडला.

एवढ्यात बाहेरच्या उघड्या दारात वाणी येऊन उभा राहिला. त्याच्यामागे पोस्टमन, त्याच्यामागे वरच्या मजल्यावरची नर्स.

“टेप आहे का?” वाण्याने विचारलं. मग खाली बघत म्हणाला, “भांडं आदळलेलं ऐकू आलं. मागून मशीन ऐकू आलं नाही, म्हणून आलो.”

“बसा,” मावशी म्हणाल्या. आणि मुलाला, “पाणी आण सगळ्यांना.”

त्याने आणलं. टेप कुणीच नेली नाही. थोड्या वेळाने सून बाहेर आली, तेव्हा बसायला जागा उरली नव्हती. मावशींनी मशीनपुढचं आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.