तिनं मागवलेला रेग्युलेटर

पार्सलवाला दारात उभा होता आणि खिशात फोन वाजत होता. फिटरनं आधी सही केली, खोकं काखेत मारलं आणि मग फोन उचलला. दवाखान्यातून होता. अंघोळ करून, कपडे बदलून तो परत तिकडेच, बायकोजवळ निघाला होता. ‘या, पण सावकाश या,’ असं पलीकडची नर्स फार हळू आवाजात म्हणाली. तेवढ्यावरून त्याला कळलं. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना त्याच्या लक्षात आलं, की खोकं अजून काखेतच आहे.

खोक्यावर नाव बायकोचं होतं. आत तिच्या गाडीचा रेग्युलेटर होता, इंजिनाला जाणाऱ्या पेट्रोलचा दाब राखणारा. जुना बिघडला होता, आणि गाडीच्या कंपनीनं तसे बनवायचं बंद केलं होतं. म्हणून हा बाहेरचा, वर स्क्रू असलेला, तो फिरवून हातानं दाब जुळवायचा. तिनं लाल रंगाचा निवडला होता.

“बॉनेटखाली कोण बघणार आहे लाल नि निळा?” त्यानं विचारलं होतं.

“मी बघणार आहे ना!”

गाडी ती चालवायची, दुरुस्त तो करायचा. पंपांच्या कारखान्यात जन्मभर पाने फिरवले, पण स्टिअरिंगला म्हणून त्यानं कधी हात लावला नाही. कुणी चिडवलं तर ती म्हणायची, “अहो, गाडी माझी. हे तिच्यावर फुकट मिळालेत.”

दवाखान्यात पडल्या पडल्या ती एकदा म्हणाली होती, “गाडी धाकटीला द्या. पण धड करून द्या हं.” धाकटी म्हणजे तिची बहीण. तेव्हा तो तिच्यावर रागावला होता. आता तेवढंच एक काम उरलं होतं.

रेग्युलेटर बसवायला त्याला वेळ लागला नाही. इंजिन चालू केलं, स्क्रू फिरवला, गेजवरचा दाबाचा काटा गाडीला लागतो तसा बरोबर तीनवर आणला. मग अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर मागून काळा धूर आला, म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं. घरात पेट्रोलचा वास शिरला. त्यानं टाकीकडे परत जाणारी नळी काढून फुंकून पाहिली, मोकळी होती. इंजिन हवा ओढतं ती ओढ रेग्युलेटरला देणारी बारीक रबरी नळी हुंगली. त्यात पेट्रोल नव्हतं, म्हणजे आतला पडदा शाबूत. दुसरं गेज आणून लावलं. काटा तीनवरच, आणि धूर तसाच.

रविवारी मेहुणी गाडी न्यायला आली. धूर बघून तिनं नाकाला ओढणी लावली.

“भाऊजी, गाडी देताय की कारखाना?”

“हा बाजारातला माल असाच. दिसायला लालभडक, आतून पोकळ.”

“ताईनं घेतलाय तो. नावं ठेवू नका. नाचता येईना, अंगण वाकडं!”

“मेहुणबाई, अंगण चारदा झाडून झालंय माझं.”

“मग नेहमीसारखंच केलंत ना सगळं?”

“नेहमीसारखंच. मी इथं असा उभा, हातात पाना, डोळा काट्यावर.”

“आणि ताई कुठं असायची?”

“ही काय, तुझ्या जागी.”

“नुसती उभी?”

“नुसती कशाला? ती नळी...” फिटर बोलता बोलता थांबला.

ती नळी काढून धरायची. दाब जुळवताना ती बारीक नळी रेग्युलेटरवरून काढायची असते, आणि इंजिनाकडच्या तोंडाला बूच द्यायचं असतं. नळी लावलेली असली की काटा रेग्युलेटरचा मूळ दाब दाखवत नाही, इंजिनाच्या ओढीनं कमी झालेला दाखवतो. हे फिटरला झोपेतही सांगता आलं असतं. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्यांना असे रेग्युलेटर बसवताना ते काम त्याच्या हातांनी कधी केलंच नव्हतं. तो पाना उचलायचा तेव्हा नळी निघालेली असायची, तिच्या तोंडावर बायकोचा अंगठा असायचा, आणि ती म्हणायची, “हं, फिरवा.”

त्यानं नळी उपसली. काटा साडेतीनवर चढला.

“रेग्युलेटर चांगला आहे,” तो म्हणाला. “चूक माझीच.”

नळीच्या तोंडात एखादा बोल्ट खुपसला असता तरी भागलं असतं. तो डब्यात बोल्ट शोधू लागला, तोवर मेहुणीनं अंगठा ठेवलासुद्धा.

“अगंबाई! ओढतंय की हे!”

“ओढणारच. सोडू नकोस.”

त्यानं स्क्रू जागी धरणारा नट सैल केला आणि स्क्रू हळूहळू उलटा फिरवला. काटा तीनवर आला नि स्थिरावला. नळी परत लावली तसा तो अडीचच्या आसपास उतरला, जसा उतरायला हवा तसा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला. धूर आला नाही.

मेहुणीनं अंगठा त्याच्यासमोर धरला. टोकावर नळीचा गोल वळ उमटला होता. “ताईच्या बोटावर असा असायचा. मला वाटायचं, भाजलं असेल.”

फिटरनं त्या अंगठ्याकडे पाहिलं आणि हात पुसायला फडकं घेतलं. हात बराच वेळ पुसले.

“मग नेऊ आता?” तिनं विचारलं.

“रस्त्यावर बघायला हवी. चढावर दाब टिकतो का. एकानं चालवायची, एकानं काचेबाहेर बांधलेल्या गेजचा काटा बघायचा.”

“मग बसा की. मी चालवते.”

तिनं दार उघडलं. सीट अजून बायकोच्या उंचीला पुढे ओढलेली होती. मेहुणी उंच. तिनं सीट मागं सारायला हात खाली घातला.

“आज नको,” फिटर म्हणाला.

मेहुणीनं हात काढून घेतला. दार हलकेच लावलं. “बरं. पुढच्या रविवारी येते. पण तेव्हा सबब चालणार नाही हं, भाऊजी.”

ती बसनं गेली. फिटरनं गेज तसंच जोडलेलं ठेवलं आणि बॉनेट खाली घेतलं. आता सगळं जाग्यावर आहे. फक्त रेग्युलेटरचा नट आवळायचा राहिला आहे.