दुसरी किल्ली नसलेला फोन

कुलूपवाल्याने फोन उलटा केला, डोळ्याला भिंग लावलं आणि कडेकडेने नख फिरवत नेलं. स्क्रू नाही, फट नाही. कानाशी धरून त्याने तो हळूच हलवूनही पाहिला.

"बाबा, खुळखुळा आहे का तो?" काउंटरपलीकडे बसलेली लेक म्हणाली.

"ह्याची दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

"कोणाकडेच नाही. बनवणाऱ्या कंपनीकडेसुद्धा नाही. म्हणून तर घेतला."

जगातलं कुठलंही कुलूप कोणाला ना कोणाला उघडता येतंच, असं तो चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता. शिवाय दुसऱ्या किल्लीचं नाव निघालं की बापलेकीच्या मध्ये एक कपाट येऊन उभं राही. लेकीच्या कपाटाची दुसरी किल्ली त्यानेच बनवून दिली होती, थोरल्या मुलाने मागितली म्हणून. पोटच्या पोराला नाही कसं म्हणायचं? थोरल्याने कपाट धुऊन नेलं. त्याला आता तीन वर्षं झाली. लेक त्यावर अवाक्षर बोलली नव्हती. मात्र त्यानंतर पुस्तकांसाठी चित्रं काढून मिळवलेल्या पैशातला एक छदामही तिने घरात आणला नाही. सगळा मोबदला क्रिप्टोत घेतला. आज ती कमाई ह्या फोनमध्ये यायची होती, आणि फोन सुरू करायला ती आली होती बापाच्याच दुकानात. का आली, हे विचारायचं त्याला धाडस होईना.

फोनने बारा शब्द दाखवले. ते एकदाच दिसणार होते. फोन हरवला, फुटला, तरी शब्द जवळ असले की पैसे परत मिळतात. शब्द गेले की सगळं गेलं, असं लेकीने समजावून सांगितलं. ते त्याने अर्धवटच ऐकलं. त्याचे डोळे पडद्यावर खिळले होते.

"तुम्ही वाचा, मी लिहिते."

"लॅडर... लेमन... डॉक्टर... किचन..." तो वाचत गेला. "ही किल्ली? अगं, हे तर पहिलीच्या वर्गाचं पाठांतर झालं!"

पैसे पोहोचायला पंधरा मिनिटं लागणार होती. तेवढ्यात शेजारच्या दुकानातून फोनला काच बसवून आणते म्हणून ती गेली. कागद काउंटरवरच राहिला.

किल्ली तयार झाली की तिच्यासाठी घेतलेला मेणाचा ठसा स्पिरिटच्या दिव्यावर वितळवून टाकायचा, म्हणजे त्यावरून कोणी आणखी किल्ली बनवायला नको, हा ह्या दुकानाचा शिरस्ता होता. त्याने कागदाकडे पाहिलं. कुलूप फोनमध्ये, किल्ली फोनमध्ये. मग हा राहिला तो ठसाच. त्याने कागदाचं टोक ज्योतीला लावलं.

"आले, सगळे आले!" लेक हसतच आत शिरली. "आता बाराही शब्द एकदा परत भरायचे, त्याशिवाय एक पैसा बाहेर निघत नाही. कागद कुठंय?"

"जाळला," तो जरा ताठ होत म्हणाला. "कोणाचा ठसा ठेवत नाही मी. आता तर मुळीच नाही."

लेकीने काउंटरची कड धरली.

"बाबा, तो ठसा नव्हता हो. तीच किल्ली होती."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हात पुसून त्याने डोळे मिटले.

"भर. लॅडर. लेमन. डॉक्टर. किचन." किल्लीचे दाते आठवताना फिरायचं तसं त्याचं बोट हवेत वरखाली होत होतं. तो कुठेही अडला नाही. बाराव्या शब्दाला पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"अहो, डोकं आहे की काय आहे!" लेक डोळे पुसत हसायला लागली, आणि हसता हसता थांबली. फोन तिने आपल्याकडे ओढून घेतला होता. तिच्या ते ध्यानात आलं नाही. त्याच्या आलं.

"शब्द बदलता येतात?"

"नवं खातं काढून पैसे तिकडे वळवायचे, की नवे बारा मिळतात. पण कशाला?"

"कर. मी बाहेर बसतो."

"बाबा, माझा तुमच्यावर—"

"एकदा बघितलेली किल्ली मला विसरता येत नाही, पोरी. आणि उद्या थोरला येऊन समोर बसला, तर माझा मलाच भरवसा नाही."

त्याने स्टूल उचललं, पायरीवर मांडलं आणि मागे हात नेऊन शटर अर्धं ओढलं.

थोड्या वेळाने एक बाई अडकलेल्या कुलपाची बॅग घेऊन आली.

"दुकान बंद का?"

"उघडं आहे. जरा थांबावं लागेल. आत गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक आत, आणि तुम्ही बाहेर?"

"हो," तो म्हणाला. बाईने बॅग ह्या हातातून त्या हातात घेतली.

शटर वर गेलं. लेक बाहेर आली. पर्सची चेन नुकतीच ओढलेली दिसत होती. पहिला शब्द कोणता निघाला असेल? प्राणी, की एखादं फळ? एवढं एकच विचारावं म्हणून त्याची जीभ वळवळत होती.

"चहा सांगू?" त्याने विचारलं.

"सांगा," ती म्हणाली, आणि स्टूल आत न्यायला तिने दुसऱ्या बाजूने हात लावला.