तिसऱ्या गाठीचा झोका

मी एक जुना दोर आहे. आडावर पाणी शेंदायचा, काथ्याचा, अंगठ्याएवढा जाड. मित्रांनो, तुमची उंची वाढली की घरचे तुम्हाला भिंतीशी उभे करून पेन्सिलीने खूण करतात आणि कौतुक करतात. मी लांब झालो की मात्र लोकांचे चेहरे पडतात. आपण आखूड व्हावे म्हणून देव पाण्यात घालून बसलेला दुसरा कुणी तुम्हाला भेटायचा नाही. असे का, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका दोरवाल्याच्या अंगणात झाला. नारळाची सोडणे पाण्यात कुजवायची, बडवायची, त्यांचा काथ्या काढायचा आणि मग वळायला घ्यायचा. दोर वळताना तो मागे मागे चालत जाई, त्यामुळे आयुष्यभर त्याने कुंपणाला पाठ आपटून घेतली. मला नेणाऱ्याला तो म्हणाला, "काथ्या पाण्याला भीत नाही, कोरडं पडायला भितो. ह्याला रोज भिजू दे, तुझ्या नातवंडांना पुरेल." त्याचा शब्द खरा ठरला, पण मधली काही वर्षे मी फार कोरडा पडलो. तेही पुढे येईल.

मला ज्या वस्तीत आणले ती एका डोंगराच्या पायथ्याशी होती. वस्तीच्या मधोमध दगडी काठाचा आड, त्यावर लोखंडी कप्पी. आडाला लागून घर होते शेळीवाल्या मावशीचे; शेंदून झाले की मला तिच्याच ओसरीतल्या खुंटीला टांगत. ती सगळ्यांचीच मावशी. घरात ती, तिची सून आणि सुनेच्या कडेवरची नात. मुलगा दूर शहरात कारखान्यात होता. दारात शेळ्या इतक्या, की पाहुण्याला आधी शेळ्यांना रामराम करून मग घरात जावे लागे.

सुरुवातीला माझे दिवस मजेत गेले. पोहरा खाली सोडला की माझी निम्मी लांबी शेंदणारीच्या पायाशी वेटोळे घालून पडून राही. पाणी जवळ होते. बायका एका हाताने शेंदत आणि दुसऱ्या हाताने एकमेकींच्या सासवांची नक्कल करत. काय ते हसणे! अजून आठवले की माझा पीळ सैल होतो.

मग डोंगर उघडा पडत गेला. कुणी सरपण तोडले, कुणी गुरे सोडली, मावशीच्या शेळ्या तर जन्मजात भुकेल्या. पाऊस पडे, पण उतारावरून माती घेऊन धावत सुटे आणि खाली कुठेतरी परगावी निघून जाई. आडाशी थांबायला त्याला वेळ नसे. एका उन्हाळ्यात पोहरा पाण्यापर्यंत पोचेना. मावशीने मला एक काथ्याचा तुकडा जोडला. पुढे केव्हातरी बैलगाडीचा जुना सुती दोर जोडला. आणि त्यानंतर तिसरा तुकडा, निळा प्लास्टिकचा. तो चकचकीत होता आणि त्याला पाण्यात वासही सुटत नसे, म्हणून तो आम्हा जुन्यांशी जरा तोऱ्यातच वागे.

गाठी मारायच्या त्या मावशीनेच. शेळ्या बांधून बांधून तिची गाठ अशी बसली होती की ओढाल तितकी घट्ट व्हावी. पोहरा खाली जाताना गाठ कप्पीवरून गेली की आवाज येई, टक. एक गाठ, एक टक. पाणी जितके खोल, तितके टक जास्त. त्यामुळे वस्तीत कुणाला आडात डोकवावेच लागत नसे. चुलीपुढे बसल्या बसल्या बायका कान देत. "आज दोन झाले गं." "माझ्या वेळेला तिसराही वाजला." त्या तिसऱ्या टकाला सगळी वस्ती भीत असे.

तिसरा टक रोजचा झाला तेव्हा मावशीचा मुलगा सुट्टीवर आला. पिशवीतून त्याने एक मोठे पितळी कुलूप काढले. "आई, पुरे झालं आता. शेळ्या देऊन टाक, घराला हे लाव आणि माझ्याकडे चला तिघी." मावशीने कुलूप हातात घेऊन वजन पाहिले. "चांगलंय," ती म्हणाली आणि माझ्या शेजारच्या खुंटीला तिने ते अडकवून टाकले. "सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही," असे लोक तिच्याबद्दल नाक मुरडून म्हणत. मी स्वतः सुंभाच्या जातीचा असल्यामुळे मला ती स्तुतीच वाटे.

पण पिळाने पाणी येत नाही. वस्तीची बैठक बसली, आडाच्या काठावरच. वस्तीतला गवंडी बोलायला उभा राहिला. त्याने दुसऱ्या एका गावचे काम पाहिले होते. डोंगरउताराला आडवे चर खणायचे, ओघळीत दगडांचे लहान लहान बांध घालायचे, म्हणजे धावणारे पाणी थबकते, जमिनीत उतरते आणि सावकाश आडात येते. गवत वाढवायचे, झाडे लावायची. आणि तीन वर्षे डोंगरावर चराईबंदी. शेवटचा शब्द ऐकताच सगळ्यांच्या माना मावशीकडे वळल्या.

"म्हणजे डोंगर जगवायचा आणि माझ्या शेळ्या मारायच्या?" मावशी कडाडली.

मग जो काथ्याकूट सुरू झाला तो मला, काथ्याचा असूनही, ऐकवेना. कुणी म्हणे शेळ्या विकून टाक, कुणी म्हणे गुरेही बंद करा, कुणी म्हणे आधी शेजारच्याने खणावे. बैठक नुसतीच उठली.

दुसऱ्या दिवशी सुनेला ताप होता, म्हणून मावशी स्वतः पाणी शेंदायला आली. टक. टक. टक. पोहरा वर आला तो अर्धा, आणि त्यातही तळाला गाळ. ती बराच वेळ काठावर बसून राहिली. तिच्या मांडीवर माझे ओले वेटोळे होते आणि नजर कधी खुंटीवरच्या कुलपाकडे, कधी शेळ्यांकडे. शेवटी ती उठून गवंड्याच्या दारात गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "शेळ्या दावणीला बांधते. पण डोंगरावर जो खणायला जाईल त्याने येताना गवताचा एक भारा माझ्या दारात टाकायचा. कापलेलं चालेल ना तुमच्या डोंगराला?"

"कापलेलं चालतं, मावशी. मुळासकट उपटलेलं चालत नाही," गवंडी म्हणाला.

तिथून कामाला लागली वस्ती. कप्पीवरून मला डोंगर दिसे. उतारावर माणसांची रांग, पहारींचा खणखणाट, दगडांची घमेली हातोहात जाताहेत. कुणाच्या हाताला फोड, कुणाची कंबर धरलेली. गवंडी प्रत्येक दगड फिरवून पाही आणि बसवी. शाळेतली मुले गवताचे बी उधळत जात आणि निम्मे एकमेकांच्या केसात उधळत. मावशीचा मुलगा रजा काढून आला, आठवडाभर खणले आणि शहरातल्या बसण्याच्या कामाने आपली काय दशा झाली ते सगळ्यांना दाखवून गेला. येणारा प्रत्येक जण मावशीच्या दारात भारा टाके. बसल्या जागी खाऊन शेळ्या इतक्या माजल्या की भारा जरा कोवळा नसेल तर तोंड फिरवत.

पहिल्या वर्षी फरक पडला नाही. लोक कुरकुरले. दुसऱ्या उन्हाळ्यात एके सकाळी सून शेंदत होती. टक, टक, आणि डुबुक! ती तशीच थांबली. चुलींपुढच्या बायका बाहेर आल्या. "तिसरा वाजला नाही ना गं?" "नाही वाजला!" मावशीने निळा तुकडा त्याच संध्याकाळी सोडवला आणि दारातल्या झाडाला नातीसाठी त्याचा झोका बांधला. पुढे सुती तुकडाही सुटला, तो दावणीला गेला. पहिली गाठ तेवढी उरली. डोंगर हिरवा झाला होता. ओघळीत बेडूक आले, गवतात लाव्हे आले, आणि आम्हाला ठाऊक नसलेले पक्षी सकाळी सकाळी भांडू लागले.

माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस. पण सुखाला दृष्ट लागते म्हणतात ती अशी लागते. आडावर पंप बसला. उंच टाकी झाली, घरोघर नळ आले. बायकांच्या खांद्यांचे कष्ट सुटले ह्याचा मला आनंदच झाला, खोटे कशाला बोलू? मला कुलपाच्या शेजारी खुंटीला टांगले. तिथे मी कोरडा पडत गेलो, माझे तंतू तुटू लागले. पण खरी गोष्ट वेगळीच होती. आता टक ऐकू येईना. पाणी किती खोल गेले ते कुणालाच कळेना, आणि नळ सुटला की धो धो पडते म्हटल्यावर विचारतो कोण? चर गाळाने भरले. डोंगरावर कुणाचे वासरू गेले, त्यामागे गाय, मग सगळीच गुरे. ये रे माझ्या मागल्या. बांधांचे रचलेले दगड आयतेच होते, ते कुणाच्या पायरीला गेले, कुणाच्या ओट्याला.

एका उन्हाळ्यात नळ फुसफुसला आणि गप्प बसला. पंपवाल्याने पंप उघडला, झाकला, हात पुसले. "पंपाला काय धाड भरली नाही," तो म्हणाला. मावशी आता वाकली होती, डोळ्यांनीही कमी दिसे. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि नळात तरी कुठून?" ती म्हणाली.

मुलगा पुन्हा आला. ह्या वेळी तो रागावला नव्हता, थकला होता. "आई, कुलूप कुठंय?"

"खुंटीला. पण त्याच्या आधी दोर काढ."

त्याने मला पोहरा बांधून आत सोडले. टक. पहिली गाठ गेली आणि मी संपलो. पोहरा अधांतरी. मावशीने दावणीचा सुती तुकडा मागवला आणि चाचपडत गाठ मारली. टक, टक. अजून अधांतरी. मग सगळे झाडाकडे पाहू लागले. नात झोक्यावर बसली होती. ती आता चांगली मोठी, दोन वेण्यांची झाली होती. ती उतरली आणि बापाने झोका सोडवताना तोंड फिरवून उभी राहिली. टक, टक, टक. पोहरा गाळात रुतला.

कुणी कुणाकडे पाहीना. गवंडी पुटपुटला, "मी आपले चारच दगड नेले हो."

"सगळ्यांनी चारचारच नेले," मावशी म्हणाली. "आणा परत. तीन टकांवरून एकदा वर आलोय आपण. वाट माहितीये."

दगड परत गेले. गवंड्याने आपली नवी पायरी सर्वांसमोर उकलली. चर उपसले. डोंगराच्या वाटेवर फाटक उभे राहिले आणि मुलाने खुंटीवरचे ते पितळी कुलूप त्या फाटकाला लावले. घराला लागायचे कुलूप डोंगराला लागले. पंप आता थोडाच वेळ चालतो, आणि चालण्याआधी कुणीतरी मला आडात सोडून टक ऐकतो. मी रोज भिजतो. दोरवाल्याने पाहिले असते तर खूश झाला असता.

मित्रांनो, तुमच्या नळामागेही कुठेतरी एखादा आड, एखादे तळे आणि त्यामागे एखादा डोंगर असतोच. नळ वाहतो म्हणून त्यांचे बरे चालले आहे असे समजू नका. अधूनमधून त्यांची चौकशी करा. आणि रचलेला दगड कितीही आयता दिसला तरी घरी आणू नका.

ते वर्ष गेले, पुढचेही गेले. नात रोज सकाळी काठावर येऊन कान देई आणि विचारी, "आजी, माझा झोका कधी?" मावशी म्हणे, "मला काय विचारतेस? डोंगराला विचार."

आज सकाळी ऐन उन्हाळ्यात सून शेंदत होती. टक. टक. नातीने डोळे मिटून घेतले. डुबुक.

मावशीने मला मांडीवर ओढले. गाठ भिजून आवळली होती आणि तिची बोटे आता थरथरतात, त्यामुळे पुष्कळ वेळ लागला. कुणी मदतीला हात पुढे केला नाही, तिने करू दिला नसता. अखेर गाठ सुटली. निळा तुकडा घेऊन नात झाडाकडे धावत सुटली, आणि मी पुन्हा एकदा आखूड झालो.