फोटोची जागा रिकामी

"फोटोची जागा रिकामी ठेव, गणूदादा. नाव कळलं की व्हॉट्सॲपवर टाकतो," धनेश फोनवर घाईघाईने बोलत होता. तो आमदारकीच्या तयारीत असलेल्या एका साहेबांचा कार्यकर्ता. "दहा बाय पंधरा. वर साहेब, खाली आपली पोरं. एसटी स्टँडसमोर आपलाच बॅनर पहिला लागला पाहिजे."

"पण गेला कोण?" गणूने विचारलं.

"ते अजून जाहीर नाही. जम्मूकडच्या डोंगरात चकमकीत गेलेला जवान रायगडचा आहे, एवढंच चॅनलवाले सांगतायत. घरच्यांना कळवल्याशिवाय आर्मी नाव देत नाही ना."

फोन ठेवला आणि गणू घरतने पुन्हा मुलाचा नंबर लावला. त्याच्या प्रणितला अग्निवीर होऊन सव्वा वर्ष झालं होतं. गेले तीन महिने तो जम्मूकडच्या त्याच डोंगरांत कुठेतरी होता. नेमका कुठे, ते पोरगा सांगत नसे. सकाळपासून गणूने सतरा वेळा फोन लावला होता आणि सतराही वेळा तो बंद होता.

पनवेलमध्ये फ्लेक्सचं दुकान चालवणं म्हणजे अख्ख्या तालुक्याचे रुसवेफुगवे सांभाळणं. कोणाचा फोटो वर, कोणाचा किती इंच, यावरून इथे कॉलरी धरल्या जातात. वीस वर्षांत गणूने अर्ध्या तालुक्याचे चेहरे गोरे करून दिले होते. वाईट बातमीकडेही धंद्याच्या नजरेनं बघायची त्याला सवय झाली होती. आज ती सवय कामाला येईना.

भिंतीवरच्या टीव्हीत सहा चौकटींतून सहा माणसं एकदम ओरडत होती. एक निवृत्त अधिकारी सांगत होते, "जंगल मोठं आहे. तिथे दडलेल्या जिहादी टोळ्या शोधायला नुसते ड्रोन पुरत नाहीत. माणसं लागतात, आणि माणसं कमी पडतायत." निवेदिका बक्षीस लागल्यासारखी म्हणाली, "म्हणजे देशाला आणखी जवान हवेत!" गणूने आवाज बंद केला. टीव्ही बंद करायचा मात्र त्याला धीर झाला नाही. न जाणो, तेवढ्यात नाव सांगितलं तर?

नुसतं बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा तो कामाला लागला. फ्लेक्सवाले कोऱ्या पानापासून कधी सुरुवात करत नाहीत. जुनी फाईल उघडायची, आधी मथळा बदलायचा, मग नावं, फोटो सगळ्यात शेवटी. तिरंगा आणि वर्दी असलेली त्याच्याकडे एकच फाईल होती. ती त्याने उघडली, 'हार्दिक अभिनंदन' खोडलं आणि सवयीने 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाईप केलं.

मागे डबा पडल्याचा आवाज झाला.

दारात त्याची बायको दमयंती उभी होती. ती स्क्रीनकडे बघत होती. स्क्रीनवर प्रणित हसत होता, भरतीच्या वेळी बापाने हौसेने बनवलेल्या बॅनरवरचा प्रणित, आणि त्याच्या डोक्यावर ते दोन शब्द होते.

"कवा आला फोन?" ती म्हणाली. "मना का नाय सांगितलास?"

"नाय गो! फोन नाय आला. जुनी फाईल हाय ती. मी सवयीनं..." गणूने माऊस धरला, पण घाईत फोटोवर क्लिकच बसेना. शेवटी त्याने दोन्ही तळव्यांनी स्क्रीन झाकली.

"आंदी बंद कर ते. बंद कर!"

स्क्रीन बंद केल्यावर दोघं भुईवर बसली. शेजारी भात आणि कालवण सांडलं होतं, ते कोणी उचललं नाही. गणूला स्वतःच्या हातांचीच भीती वाटू लागली. आपण लिहिलेलं तिकडे खरं झालं तर? असं काही नसतं, हे त्याला कळत होतं. पण कळून उपयोग नव्हता.

दीड वाजता मोबाईल वाजला. धनेशने फोटो पाठवला होता. तो उघडायला गणूचा अंगठा धजेना. दमयंतीने मोबाईल हातातून ओढून घेतला.

"आपला नाय," ती म्हणाली. मग रडतच पुन्हा म्हणाली, "आपला नाय तो."

गणूने हात जोडले. त्याला आनंद झाला, अगदी पोटातून झाला, आणि लगोलग त्या आनंदाची लाज वाटली. फोटोतला पोरगा महाडकडचा होता. सत्यजीत नाव, वय तेवीस. गालांवर मुरुमांचे डाग होते.

दमयंती त्या डागांकडे बघत राहिली. "याच्या आयशीला कललं आसंल ना?"

"कललं आसंल. म्हनून तर नाव दिलाय."

गणूने बॅनर पुरा केला. गालांवरचे डाग त्याने पुसले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने एक चेहरा होता तसा ठेवला. धनेशचं उत्तर लगेच आलं: 'एक नंबर. प्रिंट मार. आणि फाईल जपून ठेव दादा, पुढे लागेलच.'

गणूचं लक्ष स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात गेलं. फाईलचं नाव अजून 'प्रणित' होतं. त्याने ते बदललं. मग अठराव्यांदा फोन लावला. फोन बंदच होता. मुक्या टीव्हीवर खालून पट्टी सरकत होती: शोधमोहीम सुरूच, आणखी तुकड्या रवाना.

मशीन सुरू झालं. ओला फ्लेक्स हळूहळू बाहेर येऊ लागला. आधी साहेब आले, मग टोपी, मग कपाळ, मग डोळे. शाई ओली असताना खाली टेकली की चेहरा फिसकटतो, म्हणून एरवी गणू खाली बांबू लावतो. आज दमयंती उठली, पदर खोचला आणि तिने फ्लेक्सचं एक टोक धरलं. दुसरं गणूने धरलं.

"नीट धर," ती म्हणाली. "भुईला टेकू देव नको त्याला."