पोटाला भोक पाडलेला ढोल

मी एक जुना ढोल आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. आपलीच टिमकी वाजवू नये म्हणतात, पण मित्रांनो, ढोलाने दुसरे करायचे तरी काय?

एका सुताराने लाकडाच्या पट्ट्या वाकवून माझे अंग घडवले, दोन्ही तोंडांवर कातडे ताणले आणि मला मामींच्या गळ्यात घातले. मामा-मामी नवराबायको; गाणी ऐकायला येणारी सगळी मुले त्यांना याच नावाने हाक मारत. मामा अकॉर्डियन वाजवून गात, मामी मला वाजवत. त्यांचे हरवलेल्या मोज्याचे एक गाणे होते. "मोजा कपाटात आहे का?" मामा विचारत. मामी हलकी थाप मारत, म्हणजे नाही. मग मुले, आईबाप, आजीआजोबा ओरडून नव्या जागा सुचवत. एकदा एक आजोबा "माझ्या टोपीत बघा" म्हणत उभे राहिले आणि नातीने खरोखरच त्यांची टोपी उचलून पाहिली. अख्खे सभागृह पोट धरून हसले. अशी माझी बरीच वर्षे मजेत गेली.

मग आमचे कार्यक्रम नव्या व्यवस्थापकांकडे गेले. त्यांचे सभागृह मोठे, स्पीकर त्याहून मोठे. "आवाज छातीत घुसला पाहिजे," ते म्हणाले. मामी जेवायला गेल्या होत्या, तेवढ्यात व्यवस्थापकांच्या माणसाने मला तिवईवर बसवले, पुढच्या कातड्याला भोक पाडले आणि पोटात माइक कोंबला. मला कुणी विचारले नाही. मामींनाही नाही.

पहिल्याच थापेला पुढच्या रांगेतले तान्हे बाळ किंचाळले. मुलांनी कानांवर हात ठेवले. एका आजींनी कानातले यंत्र काढून पर्समध्ये टाकले. आयांनी मुलांच्या हातांवर आपलेही हात दाबले, पण जागचे कुणी हलले नाही. उलट गाणे संपल्यावर टाळ्या वाजवल्या. मला भोकापेक्षा त्या टाळ्यांचा राग जास्त आहे.

दुसरे गाणे सुरू करण्याआधीच मामी थांबल्या. त्यांनी माझ्या पोटात हात घालून माइक उपटून काढला. व्यवस्थापक पडद्याआडून धावत आले.

"मामी, लोक तिकीट काढून आलेत. त्यांना जोरातच हवं असतं."

"ढोलाला कान नसतात. पोरांना असतात."

"मग उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं कशाला? आत्ताच जाते. चला हो," त्या मामांना म्हणाल्या.

आम्ही दारापर्यंत पोचलो नाही, तोच आत रेकॉर्ड केलेला ढोल सुरू झाला. माझ्याहून जोरात.

आता मामा-मामी एका वाचनालयाच्या तळघरात गातात. वीसेक घरची माणसे सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसतात. माझ्यावर नवे कातडे चढले आहे आणि मी बरा वाजतो. पण त्या सभागृहात दर रविवारी मुले अजून कान झाकून बसतात, हे ऐकले की माझे अंग तडतडते.

मित्रांनो, कान दुखले तर सांगा. ऐकले नाही तर पुन्हा सांगा. तरीही नाही, तर बाबांचा हात धरून त्यांना बाहेर ओढा. आणि हे वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसांनो, मूल कानांवर हात ठेवते तेव्हा ते ताल धरत नसते. उठा.